गोल-असिस्टचा रकाना झाकून डिफेन्समन कसा पाहावा

तीन वर्षांपूर्वी आमच्या टोरँटोच्या टीमने आम्हा खराडीकरांना त्यांच्या हॉकी पूलमध्ये ओढलं. पूल म्हणजे क्रिकेटच्या फँटसी लीगचा भाऊच. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधले खेळाडू निवडायचे, त्यांनी गोल किंवा असिस्ट (गोलाआधीचा पास) केला की आपल्या खात्यात गुण. मी बर्फावरची हॉकी तोवर जेमतेम दोनदा पाहिली होती. डिफेन्समनची, म्हणजे बचावपटूंची, यादी उघडली, गुणांच्या रकान्यावर क्लिक केलं, वरची चार नावं उचलली आणि पूलमध्ये चक्क दुसरी आले. मग एकदा कॉलवर, मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या गप्पांत, तोऱ्यात सांगून टाकलं की लीगमधला सगळ्यात भारी बचावपटू माझ्याकडे आहे. पलीकडे क्षणभर शांतता, मग हशा. मूळचा विनिपेगचा एक सहकारी म्हणाला, "खेळाडू भारीच आहे. पण बचाव करताना कधी पाहिलंयस त्याला?"

पाहिलं नव्हतं. मी सामने पाहतच नव्हते, रकाने पाहत होते.

त्यानंतर पाहायला लागले, आणि पहिलं वर्षभर मला कळेना की नेमकं पाहायचं काय. आघाडीचा खेळाडू सोपा असतो. तो गोल करतो, कॅमेरा त्याच्याकडे धावतो. डिफेन्समनचं चांगलं काम झालं तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि काहीच न घडलेलं पाहायला शिकणं जरा कठीण जातं. मला जे उशिरा उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मी तो उलटा केला होता.

पायरी पहिली: सामन्याला बसण्याआधी

वेळेचं गणित आधी. अमेरिका-कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना पुण्यात थंडीच्या महिन्यांत पहाटे साडेपाचला दिसतो, आणि तिकडे घड्याळं पुढे सरकलेली असतात तेव्हा साडेचारला. तिकडच्या शनिवारचे सामने आपल्या रविवारी पहाटे येतात. नवख्याने तेच धरावेत. आठवड्यातल्या इतर दिवशी उठून पाहिलंत तर नऊच्या कॉलवर डोळे मिटतील.

मैदान, म्हणजे रिंक, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. दोन निळ्या रेषा त्याचे तीन भाग करतात: आपला, मधला, त्यांचा. चेंडूऐवजी पक, रबराची जाड चकती. बर्फावर एका वेळी पाच स्केटर आणि एक गोली. पाचातले दोन डिफेन्समन. संघात सामन्याला साधारण सहा डिफेन्समन उतरतात, दोघादोघांच्या तीन जोड्या. एक पाळी, तिला शिफ्ट म्हणतात, पाऊण मिनिटाच्या आसपासची. मग बाकावर जाऊन धापा टाकायच्या. तीन सत्रांच्या, ६० मिनिटांच्या सामन्यात पहिल्या जोडीतला खेळाडू २३-२५ मिनिटं खेळतो, तिसऱ्या जोडीतला १५-१६. एवढं पुरे. ऑफसाइड पाहता पाहता कळतं.

पायरी दुसरी: तो रकाना नेमकं काय मोजतो

गोल केला तर एक गुण, असिस्ट केला तर एक गुण, आणि एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट. यातला दुसरा असिस्ट बघा. समजा डिफेन्समनने निळ्या रेषेवरून शेजारच्याला चार फुटांवर पक सरकवला, त्याने पुढे दिला, तिसऱ्याने अफलातून गोल मारला. वहीत चार फुटांच्या पासचा एक गुण आणि त्या अफलातून फटक्याचाही एकच.

दुसरं म्हणजे पॉवर प्ले. क्रिकेटमधला नव्हे. इथे एक खेळाडू चुकीबद्दल दोन मिनिटं बाहेर बसतो आणि त्याचा संघ चौघांवर येतो. समोरच्यांना पाच विरुद्ध चार अशी मोकळीक मिळते. त्या पाचांत बहुतेक संघ आता एकच डिफेन्समन ठेवतात, वर मध्यभागी, म्हणजे सगळे पास त्याच्या हातून जातात. प्रशिक्षकाने ती जागा कोणाला दिली यावर वर्षाअखेरचे वीसेक गुण इकडचे तिकडे होऊ शकतात. तीच दोन मिनिटं उलट बाजूने, चौघांतला एक बनून, गोल न होऊ देण्यात घालवणाऱ्या डिफेन्समनला त्या रकान्यात शून्य.

कबड्डी पाहणाऱ्याला हे चटकन कळेल. चढाईपटू आला, डाव्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, तिथला गडी पाऊल न हलवता नुसता नीट उभा होता, आणि चढाईपटू निदान रेषा ओलांडून हात हलवत परत गेला. पकडीचा गुण कोणालाच नाही. पण तो कोपरा तिथे नसता तर? बालेवाडीत बसून पाहताना शेजारचे काका अशा वेळी 'काय कंटाळवाणी चढाई' म्हणतात, आणि मला त्यांचा हात धरून सांगावंसं वाटतं की अहो, आत्ताच तर काम झालं.

एनएचएलमध्ये हा वाद जुना आहे. उत्तम डिफेन्समनला नॉरिस ट्रॉफी मिळते. ती १९५४ साली पहिल्यांदा दिली गेली, डेट्रॉइटच्या रेड केलीला. निकष सांगतो की हंगामभर आपल्या जागेवर सर्वांगीण कौशल्य दाखवणारा खेळाडू. आता 'सर्वांगीण' म्हणजे काय ते हॉकी-पत्रकार मतदानातून ठरवतात, आणि दर काही वर्षांनी त्यावरून भांडण होतं.

दोन टोकं लक्षात ठेवा. १९८३-८४ च्या हंगामात एडमंटनच्या पॉल कॉफीने ४० गोल आणि ८६ असिस्ट, एकूण १२६ गुण केले. ट्रॉफी गेली वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेकडे. त्याचे गुण किती? ३३. वॉशिंग्टनचा संघ जन्मल्यापासून आठ हंगामांत एकदाही बाद फेरीत पोचला नव्हता. १९८२ मध्ये लँगवे माँट्रियलहून आला आणि पहिल्याच वर्षी ते पोचले. १९८३-८४ मध्ये तर लीगमध्ये सगळ्यात कमी गोल त्यांनी खाल्ले.

दुसरं टोक २०२२-२३ चं. सॅन होजेच्या एरिक कार्लसनने १०१ गुण केले. १९९१-९२ मध्ये ब्रायन लीचने १०२ केल्यानंतर शंभरी गाठणारा तो पहिलाच डिफेन्समन. संघ मात्र तळाशी होता, आणि त्याचा प्लस-मायनस, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल, उणे २६. नॉरिस त्यालाच मिळाली, आणि मुख्य म्हणजे ती गुणांवर मिळाली. माझं मत विचाराल तर ती मिळायला हरकत नव्हती. तो पक घेऊन जे करतो ते दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि त्या संघात कोणाचाही प्लस-मायनस उण्यातच गेला असता. पण 'सगळ्यात चांगला डिफेन्समन' आणि 'बचावात सगळ्यात चांगला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कॉलवर मी ती एकच समजून बसले होते.

पायरी तिसरी: एकच माणूस धरा

आता खरी गंमत. एका सामन्यात एकच डिफेन्समन निवडा आणि तो बर्फावर असेल तेव्हा पक कुठेही असो, त्याच्याकडेच पाहा. पहिली दहा मिनिटं जिवावर येईल. डोळा पकमागे पळतो, त्याला कान धरून परत आणावं लागतं.

काय पाहायचं? सगळ्यात आधी अंतर. समोरचा आघाडीपटू पक घेऊन मधल्या भागातून वेगात येतो आहे. आपला डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा, मागे मागे स्केटिंग करतो आहे. दोघांत किती अंतर आहे? फार असेल तर समोरचा आरामात निळी रेषा ओलांडतो, मान वर करून पाहतो आणि हवं ते करतो. अगदीच कमी असेल तर एका झटक्यात बाजूने निसटून जातो. चांगल्याचं अंतर काठीच्या लांबीच्या आसपास असतं, आणि निळ्या रेषेच्या आधीच ते तेवढं झालेलं असतं. मग समोरच्याकडे दोनच वाटा उरतात. पक आत भिरकावून त्यामागे पळायचं, नाहीतर कडेच्या बोर्डकडे, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीकडे, सरकायचं, जिथून गोल दिसतो पण कोन मिळत नाही.

मग काठी. नवखा माणूस धडका पाहतो. तुम्ही स्टिकची पाती पाहा. ती बर्फावर टेकलेली आहे का, आणि कुठल्या वाटेत आहे? समोरच्याला पास द्यायचा आहे ती वाट पातीने बंद केली की तो पास दिलाच जात नाही, आणि न दिलेला पास कोणी मोजत नाही. कॅरोलायनाच्या जेकब स्लॅव्हिनचा खेळ यासाठी पाहावा. २०२०-२१ च्या हंगामात तो ५२ सामने खेळला, समोरच्या संघांच्या तगड्या फळ्यांविरुद्ध, आणि वर्षभरात शिक्षा म्हणून बाहेर बसला फक्त २ मिनिटं. धरपकड नाही, ढकलाढकली नाही, पाती मात्र जिथे हवी तिथे. त्या वर्षी सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी त्याला मिळाली, जी डिफेन्समनच्या वाट्याला क्वचित येते.

दोघं विरुद्ध एक अशी वेळ आली की पाहा तो घाबरतो का. त्याचं काम पकवाल्यावर झडप घालण्याचं नसतं. पकवाल्याचा फटका गोलीवर सोडायचा आणि दुसऱ्याकडे जाणारा पास आपण बंद करायचा. पुण्यातल्या मैदानी हॉकीत वाढलेल्यांना हे नवं वाटणार नाही. खडकीच्या गल्ल्यांनी देशाला धनराज पिल्ले दिला. त्याच्यासारखा फॉरवर्ड अंगावर येताना कोणत्या बॅकने काय करायचं, हे तिथल्या जुन्या खेळाडूंना विचारा, उत्तर हेच येईल.

आणि आता कोपरा. माझ्या मते अर्धा डिफेन्समन इथे कळतो. समोरच्यांनी पक आत भिरकावला, तो कोपऱ्यात गेला, आणि आपल्या खेळाडूला पाठ करून त्याच्यामागे जायचं आहे. मागून नव्वद किलोचा माणूस वेगात येतो आहे. पकपाशी पोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे पाहतो का? चांगला एकदा पाहतो, फार चांगला दोनदा, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. त्यामुळे पकला हात लागायच्या आधीच त्याला ठाऊक असतं की पुढे काय करायचं: गोलामागून साथीदाराकडे, की बोर्डवरून फॉरवर्डकडे, की स्वतः वळून निघायचं. जो पाहत नाही तो पक मिळाल्यावर विचार करतो, आणि तोवर काचेवर आपटलेला असतो.

गोलासमोरच्या हाणामारीबद्दल फार लिहीत नाही. समोरच्याची स्टिक उचलून धरणं आणि गोलीला पक दिसू देणं, एवढं पाहिलंत तरी चालेल.

यातलं कोपऱ्याचं प्रकरण मी टीव्हीवर शिकले नाही. भाची सिंहगड रस्त्याजवळच्या एका रिंकवर इनलाइन हॉकी खेळते, चाकांवरची. तिथे निळ्या रेषा नसतात, अंगावर धडकायला बंदी आणि चार-चारच खेळाडू, पण पक असतो आणि कोपरे असतात. गेल्या डिसेंबरात तिचा सामना पाहत होते. ती बॅक. समोरची एक उंच मुलगी वेगात यायची. पहिल्या वेळी भाची तिच्या अंगावर गेली आणि ती बाजूने निसटून थेट गोलपर्यंत पोचली. गोलीने पायाने अडवलं. त्यानंतर भाचीने काही केलंच नाही असं वाटत होतं. नुसती मागे मागे, गुडघे वाकवून, एका हातात स्टिक पुढे ताणलेली, पाती सिमेंटवर खरवडत. उंच मुलगी पाच वेळा आली. पाचही वेळा कोपऱ्यात गेली. चौथ्या वेळी तिने वैतागून पक बोर्डवर आपटला. सामना १-० ने सुटला, गोल आमच्या फॉरवर्डचा. बक्षीस तिलाच, आणि त्याबद्दल तक्रार नाही, गोल सुंदर होता. पण स्कोअरशीटवर भाचीच्या नावापुढे सगळी घरं कोरी होती. घरी जाताना रिक्षात म्हणाली, "मावशी, आज मी काहीच केलं नाही ना?" मी मोबाइलवर पाच रेघा ओढून ठेवल्या होत्या, त्या दाखवल्या.

पायरी चौथी: वही

त्या पाच रेघांची मग पद्धत झाली. एक पान घ्या, मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'.

डावीकडे: समोरचे तुमच्या माणसाच्या बाजूने येतात तेव्हा काय झालं. पक ताब्यात ठेवून आत शिरले तर फुली. भिरकावून मागे पळावं लागलं तर रेघ. रेषेवरच अडले किंवा पक गमावला तर टिंब. उजवीकडे: त्याच्याकडे आपल्या भागात पक आला तेव्हा तो बाहेर कसा गेला. पास देऊन किंवा स्वतः नेऊन व्यवस्थित बाहेर काढला तर टिंब. नुसता काचेवरून भिरकावला तर रेघ. समोरच्याला दिला तर फुली.

एवढंच. धडका, अडवलेले फटके, काही लिहू नका. तीन सामने एकाच माणसाचे असे पाहा. टिंबं जास्त आणि फुल्या कमी असतील तर बचाव चांगला, गुण कितीही असोत. एका सामन्यावरून मात्र काही बोलू नका. मी बोलले होते आणि विनिपेगकराने पुढच्या सामन्याची क्लिप पाठवून माझं पान फाडलं.

डावीकडे टिंबं भरपूर आणि उजवीकडे फुल्याही भरपूर असा एक प्रकार हमखास सापडतो. हा माणूस समोरच्यांना अडवतो, पक मिळवतो आणि परत त्यांनाच देतो. लोक त्याला 'खमका बचावपटू' म्हणतात कारण तो सतत झुंजताना दिसतो. झुंजताना दिसतो, कारण पक आपल्या भागातून निघतच नाही.

पायरी पाचवी: बचावाचे म्हणून दिले जाणारे आकडे

इथे नवखे हटकून फसतात. गोल-असिस्टवर विश्वास नाही ना, मग बचावाचे आकडे पाहू, म्हणून धडका आणि अडवलेले फटके यांच्या रकान्यांकडे जातात. जरा विचार करा. धडक कोणाला देता येते? ज्याच्याकडे पक आहे त्याला. फटका कोणाचा अंगावर घेतो? समोरच्याचा. म्हणजे हे दोन्ही आकडे वाढायला पक समोरच्यांकडे असावा लागतो. अंगावर फटका झेलणं शौर्याचं आहे, सुजलेला घोटा खोटा नसतो. पण ज्याला आठवड्याला वीस वेळा झेलावं लागतं, त्याने तो मारण्याची वेळ का येऊ दिली तेही विचारायला हवं. शिवाय हे आकडे त्या त्या शहरातल्या रिंकवरची माणसं नोंदवतात, आणि धडक कशाला म्हणायचं याबद्दल हात कोणाचा सढळ, कोणाचा आखडता.

प्लस-मायनस हा म्हातारा आकडा. पाच विरुद्ध पाच असताना, किंवा आपण कमी असताना, आपल्या संघाचा गोल झाला आणि तुम्ही बर्फावर असाल तर अधिक एक. तसाच गोल खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेवर केलेल्या गोलचं अधिक मिळत नाही. विक्रम बॉबी ऑरचा, १९७०-७१ मध्ये अधिक १२४, आणि त्याच वर्षी १३९ गुण. हे वाचून वाटतं की आकडा खरंच बोलतो. मग २०१०-११ चा निक्लस लिडस्ट्रॉम घ्या. कारकिर्दीतलं एकमेव उण्यातलं वर्ष, उणे २, आणि त्याच वर्षी ४१ व्या वर्षी सातवी नॉरिस. गोलीचा दिवस वाईट असला तरी उणे तुमच्या नावावर. तुम्ही शिफ्टसाठी नुकते आत आलात आणि तिकडे गोल झाला तरी तुमच्या नावावर. संघातल्या संघात तुलना करायला हा आकडा थोडाफार चालतो. दोन संघांत नाही.

नवे आकडे यापेक्षा बरे आहेत. कोर्सी हे नाव बफेलोच्या संघात गोलींना शिकवणाऱ्या जिम कोर्सीवरून पडलं. खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी गोलाकडे किती फटके मारले गेले ते यात मोजतात. लागलेले, चुकलेले, अडवलेले सगळे. फटके गोलपेक्षा कितीतरी जास्त होतात, म्हणून नशिबाचा वाटा कमी. डिफेन्समनसाठी मी त्यातला अर्धाच भाग पाहते: तो असताना समोरचे तासाला किती फटके मारतात, आणि तो बाकावर असताना त्याच्याच संघाविरुद्ध किती. फरक दोन-तीन हंगाम टिकला तर त्याला वजन आहे. एका महिन्याचा असेल तर सोडून द्या.

पायरी सहावी: कोणाविरुद्ध, कोणाबरोबर

यजमान संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडू बदलण्याची शेवटची संधी असते. समोरून कोणती फळी येते आहे ते पाहून तो आपली जोडी पाठवतो. तेव्हा यजमान प्रशिक्षक समोरच्या सगळ्यात धोकादायक फॉरवर्डविरुद्ध कोणाला पाठवतो ते पाहा. शेवटची दोन मिनिटं, एका गोलची आघाडी, समोरच्यांनी गोली काढून सहावा खेळाडू आणलेला, फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, आपल्या भागात. आता कोण आहे? प्रशिक्षकाचं खरं मत तिथे कळतं. पत्रकार परिषदेत तो सगळ्यांचंच कौतुक करतो.

माझा सोपा उपाय: पूलची यादी उघडली की गुणांऐवजी पेनल्टी किलच्या, म्हणजे चौघांनी पाचांना अडवण्याच्या, मिनिटांवर क्लिक करा. वर येणारी नावं अनोळखी वाटतील. त्यातलं एक निवडा आणि त्याचे तीन रविवार काढा.

दुसऱ्या सत्राकडे थोडं जास्त लक्ष द्या. संघ बाजू बदलतात, पण बाक जागचे हलत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या सत्रात आपला बचावाचा भाग आपल्या बाकापासून लांब पडतो. दमलेल्या डिफेन्समनला बदली होऊन निघता येत नाही. त्यात पक मध्यरेषेच्या अलीकडून थेट पलीकडच्या टोकापर्यंत भिरकावला आणि आइसिंग झालं तर नियमाने खेळाडू बदलायलाही बंदी. दीड मिनिट बर्फावर अडकलेला माणूस काय करतो ते पाहा. एकजण पायांत जीव नसताना समोरच्याच्या मागे धावतो. दुसरा गोलासमोरची आपली जागा सोडत नाही आणि समोरच्यांना बाहेरून फिरू देतो. दुसरा शिकलेला आहे.

जोडीदाराचंही पाहा. साथीदार सतत पुढे धावणारा असेल तर मागे राहणाऱ्याच्या वहीत फुल्या वाढतात, आणि गुण त्या पुढे धावणाऱ्याला.

उलटा वेडेपणा

आता सावध राहायचं ते माझ्यासारख्या नवदीक्षितांपासून. रकान्यातून बाहेर पडलेला माणूस थेट दुसऱ्या खड्ड्यात जातो: गुण कमी म्हणजे बचाव चांगला, गुण जास्त म्हणजे बचावात कच्चा. मी सहा महिने असं बोलत होते आणि ते ऐकायला भयंकर असणार.

पक आपल्याकडे असेल तर समोरच्यांना गोल करता येत नाही, इतकं ते सरळ आहे. वहीची उजवी बाजू त्याचसाठी. कोपऱ्यातून स्वच्छ पास देणारा डिफेन्समन एकाच हालचालीत बचाव संपवतो आणि चढाई सुरू करतो. पुढे कोणी गोल केला तर त्याला असिस्ट मिळतो. म्हणजे त्याच्या गुणांतले काही गुण बचावातूनच आलेले असतात. ऑर तसा होता. लिडस्ट्रॉम तसा होता, शांत, जवळपास कंटाळवाणा. आजचा कोलोरॅडोचा केल मकारही पाहा. २०२४-२५ मध्ये ३० गोल आणि ९२ गुण, नॉरिस, आणि तरी उलटं स्केटिंग करताना त्याचं अंतर बिघडताना फारसं दिसत नाही. उलट २०१६ ची नॉरिस ८२ गुणांच्या कार्लसनला न देता ५१ गुणांच्या ड्रू डाउटीला दिली गेली. तेव्हाही लोक भांडले, आणि मला अजून वाटतं की दोन्ही बाजूंना मुद्दा होता.

आपल्या घरचं उदाहरण देते, मैदानी हॉकीचं. पॅरिस ऑलिंपिक, २०२४. हरमनप्रीत सिंग बचावपटू आहे, आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त, १० गोल त्याचेच. पेनल्टी कॉर्नरवरचे ड्रॅग-फ्लिक ही त्यातली मोठी कमाई. त्याच संघात अमित रोहिदास. समोरच्यांचा पेनल्टी कॉर्नर असला की गोलाच्या रेषेवरून सुटून थेट फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावणारा पहिला माणूस तो. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं, संघ दहा जणांनिशी लढून शूटआउटमध्ये जिंकला, पण जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला बाहेर बसावं लागलं. आपण २-३ ने हरलो. तो असता तर जिंकलो असतो असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी आमच्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे एरवी पाण्याच्या टँकरशिवाय विषय नसतो, तिथे लोक विचारत होते की आज कॉर्नरला पहिला धावणार कोण. गोलच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याची जागा रिकामी झाली की सगळ्यांना दिसते. हरमनप्रीतचे १० गोलही तितकेच खरे, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच होते. दोघांना एका तराजूत घालायची घाई कशाला?

शेवटची एक व्यावहारिक अडचण. टीव्हीचा कॅमेरा पकमागे जातो, आणि तुमचा डिफेन्समन पलीकडच्या बाजूला असला की चौकटीबाहेर पडतो. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या फॉरवर्डला त्याने कसं धरलंय हे दिसतच नाही. रिप्लेमध्ये गोलामागचा कॅमेरा दाखवतात तेवढ्या सेकंदात काय ते पाहून घ्या. त्यापेक्षा, शहरात एखाद्या रिंकवर इनलाइनचे सामने लागले की जा. तिकीट नसतं, आणि सगळं रिंक एका नजरेत येतं. मधल्या पायऱ्यांवर पालकांची गर्दी असते, तिथे बसू नका. गोलामागच्या जाळीजवळ बसा, ज्या बॅककडे पाहायचं तिच्या पाठीमागे. साडेनऊनंतर तिथे ऊन येतं, टोपी न्या. आणि पेन्सिल न्या. माझं जेल पेन दुसऱ्या सत्रापर्यंत घामाने पसरलं होतं, आणि टिंबं कोणती नि फुल्या कोणत्या ते मला घरी आल्यावर कळलं नाही.